नफ्याचे २ टक्के गावाचे? फिरणाऱ्या मेसेजची कलमवार तपासणी

शेतीशी संबंधित कंपन्यांबद्दल एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतो. त्याचा मथितार्थ असा: गावाच्या हद्दीत साखर कारखाना असो की बियाण्याची कंपनी, तिने नफ्याचे २ टक्के त्या गावाला द्यायलाच हवेत; दिले नाहीत तर संचालक तुरुंगात; आणि तसंही कंपनीच्या खिशातून काही जात नाही, टॅक्समधून सगळं वळतं होतं. म्हणून ग्रामपंचायतीने मागणीपत्र द्यावं आणि चेक घ्यावा. २ टक्क्यांचा आकडा खरा आहे: ठरावीक मोठ्या कंपन्यांना तेवढा पैसा समाजोपयोगी कामांवर लावावा लागतो, त्यालाच सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) म्हणतात. बाकीच्यामुळे गावं भलत्याच दारात जाऊन उभी राहतात.

‘प्रत्येक कारखान्याला लागू.’ नाही. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ कंपन्यांसाठी आहे. सहकारी साखर कारखाना किंवा सहकारी दूध संघ ही कंपनीच नव्हे, ती सहकार कायद्याखालची संस्था. तिथे वार्षिक सभेत भांडा, पण कलम १३५ दाखवू नका. खासगी कारखाना कंपनी असतो, शेतकरी उत्पादक कंपनीही कंपनीच. तरी आदल्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक तरी पायरी गाठलेली असावी लागते. बहुतेक शेतकरी कंपन्या तिथवर पोचत नाहीत.

‘२ टक्के त्या गावाचे.’ हिशेब मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावर होतो, आणि तो करपूर्व नफा. समजा ओळीने ४, ६ आणि ८ कोटी नफा झाला. सरासरी ६ कोटी, त्याचे २ टक्के १२ लाख. हे १२ लाख कंपनीच्या सगळ्या ठिकाणांचे मिळून. कायदा स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. कुठल्या गावाचा किती वाटा, ते ठरवून देत नाही.

उलट जिथे हटकायला हवं तिथे मेसेज गप्प आहे. कंपनीने आपल्याच वाणाचे प्रात्यक्षिक प्लॉट लावले, करारातल्या ऊस उत्पादकांना बेणं पुरवलं, तर तो नेहमीचा धंदा. सीएसआरमध्ये धरता येत नाही. स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून मेळाव्याला दिलेलं प्रायोजकत्वही नियमांनी वगळलेलं आहे. सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत, म्हणजे कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये, बसतं ते पिण्याचं पाणी, शिक्षण, उपजीविका, ग्रामविकास, आणि मातीचा कस राखणं. माती परीक्षण फक्त आपल्या ग्राहकांचं केलं की सगळ्या शेतकऱ्यांचं, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

‘संचालक तुरुंगात.’ ही अफवा कुठून आली ते सांगता येतं. २०१९ च्या दुरुस्तीत तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती, पण ती अमलात येण्याआधीच २०२० च्या दुरुस्तीने बदलली. २२ जानेवारी २०२१ पासून फक्त आर्थिक दंड आहे: कंपनीला, खर्च न झालेली जी रक्कम ठरलेल्या निधीत किंवा खात्यात वर्ग करायची राहिली तिच्या दुप्पट किंवा १ कोटी, यातलं कमी ते, जबाबदार अधिकाऱ्याला त्या रकमेचा दहावा हिस्सा किंवा २ लाख, यातलं कमी ते.

‘टॅक्समधून वळतं होतं.’ १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३७(१) ला २०१४ साली स्पष्टीकरण जोडलं गेलं: सीएसआरचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा होणार नाही. खत-वाहतुकीवर १ लाख खर्च केले तर करपात्र नफा तेवढा घटतो. सीएसआरवर केले तर घटत नाही. अपवाद एवढाच की ८०जी मान्यता (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी) असलेल्या संस्थेला देणगी दिली तर काही सवलत मिळू शकते. पण ज्या कंपन्यांनी २२ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडला आहे, त्यांना तीही नाही.

‘मागणीपत्र द्या, चेक घ्या.’ सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. पैसे दिले म्हणजे खर्च झाला, असं आता चालत नाही. दिलेली रक्कम ठरल्या कामावर लागली, याची खात्री संचालक मंडळाला करावी लागते आणि वित्त प्रमुखाला तसं प्रमाणित करावं लागतं. त्यामुळे ‘गावविकासासाठी ५ लाख मिळावेत’ असं एका ओळीचं पत्र फायलीतच राहतं.

कंपनीचा वार्षिक कृती आराखडा आर्थिक वर्षाचा असतो. प्रस्ताव जानेवारी-फेब्रुवारीत पोचला तर एप्रिलपासूनच्या आराखड्यात जागा मिळण्याची शक्यता. दिवाळीनंतर चालू वर्षासाठी गेलेल्याला सहसा नाही. आराखड्यात काम, ते कोण करणार, पैसे कोणत्या टप्प्याने लागणार आणि देखरेख कशी होणार, हे लिहावं लागतं. तुमच्या अर्जात तेच मुद्दे त्याच क्रमाने असू द्या.

मालमत्तेचा नियम तर बहुतेकांच्या गावीही नसतो. सीएसआरमधून उभी राहिलेली टाकी, शेड किंवा बंधारा कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती मालमत्ता सीएसआर नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेकडे, बचत गटासारख्या लाभार्थी समूहाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावी लागते. म्हणजे दुरुस्तीही त्यांच्याच गळ्यात. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा घ्या. पावसाळा सरताना बर्गे (पाणी अडवणाऱ्या काढत्या-घालत्या फळ्या) बसवायचे, पुढच्या पावसाआधी काढायचे, रबरी पट्ट्या झिजल्या की बदलायच्या, नाहीतर पाणी झिरपून जातं. बर्गे चोरीला जातात हे वेगळंच. चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. त्यानंतर कंपनीचा माणूस येणार नाही. म्हणून अर्जातच लिहावं: बर्गे कोण घालणार, त्याला किती मजुरी, ती कोणत्या पाणीपट्टीतून, आणि काढलेले बर्गे कुठल्या कुलपात.