असली एलईडी तापत नाही म्हणे!

रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या की मराठवाड्यातल्या शेतकरी ग्रुपांवर डोक्याच्या बॅटरीबद्दलचा, म्हणजे हेडलॅम्पबद्दलचा, एक मेसेज हमखास फिरायला लागतो. जालन्यापासून उदगीरपर्यंत बहुतेकांनी तो कधी ना कधी पुढे ढकललेला असेल. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: एलईडी म्हणजे थंड उजेड, असला माल तापतच नाही, हेडलॅम्प तापला की नकली समजा. काही मिनिटांत उजेड कमी झाला तर दुकानदाराने गंडवलं. रात्रभर ‘हाय’वरच, म्हणजे सगळ्यात जास्त उजेडावरच, ठेवा, एलईडीला काही होत नाही. फारच तापला तर पाण्यात बुडवून काढा. आणि घेताना डब्यावर ल्युमेन (उजेडाचं माप) आणि एमएएचचा (सेलच्या साठवणीचं माप) आकडा मोठा असेल तोच घ्या.

रातपाळीची लाईट आली की दारं धरायला, म्हणजे वाफ्यांना पाणी द्यायला, निघणारा माणूस हे वाचून चांगला हेडलॅम्प परत करतो आणि त्याच पैशात रद्दी घेऊन येतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

असली एलईडी तापत नाही

हा समज कुठून आला ते कळतं. जुन्या पिवळ्या बल्बसमोर हात धरला की धग लागायची, एलईडीसमोर धरला तर काही जाणवत नाही. जुन्या बल्बची बहुतेक वीज उष्णता होऊन उजेडाबरोबरच पुढे यायची. एलईडीच्या झोतात ती उष्णता जवळपास नसते. ती मागच्या बाजूने निघते. दुकानात लोक काचेसमोर तळहात धरून ‘बघा, गार आहे’ म्हणतात. हात लावायचा तो मागच्या धातूला.

हिशोबच करू. दमदार हेडलॅम्पमधली एक एलईडी हायवर साधारण 10 वॅट खाते. त्यातला तिसरा हिस्सा, फार तर चाळीस टक्के, उजेड होतो. उरलेले सहा-सात वॅट निव्वळ उष्णता, आणि ती तयार होते काही मिलिमीटरच्या चिपमध्ये. तिथून ती खालच्या ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये उतरली पाहिजे, प्लेटखालच्या, उष्णता पुढे नेणाऱ्या पेस्टमधून बॉडीत गेली पाहिजे आणि बॉडीवरून हवेत. मोटरसायकलच्या इंजिनावर ज्या कामासाठी पट्ट्या असतात, त्याच कामासाठी चांगल्या हेडलॅम्पच्या डोक्यावर खाचा असतात.

म्हणजे तीन-चार मिनिटं हायवर ठेवल्यावर ॲल्युमिनियमची बॉडी चांगली गरम लागली, तर माल ठीक आहे. उष्णता चिपमधून बाहेर पडते आहे. भीती वाटायला हवी ती हायवर असूनही गार राहणाऱ्याची. मोंढ्याजवळच्या एखाद्या दुरुस्तीच्या टपरीवर असा उघडलेला हेडलॅम्प मुद्दाम बघा. एलईडीची प्लेट प्लास्टिकच्या वाटीत गोंदाच्या दोन ठिपक्यांवर चिकटवलेली असते. खाली पेस्ट नाही, धातू नाही, आणि प्लेटच्या कडेचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. बाहेरून हाताला काहीच लागत नाही, कारण उष्णता आतच कोंडलेली असते. बऱ्याच एलईडींच्या चिपची कमाल मर्यादा 150 अंशांच्या आसपास असते, पण त्याच्या खूप आधीपासून उजेड घटायला आणि आयुष्य झिजायला लागतं. अशा एलईडीचा उजेड आधी निळसर होतो, मग मंद, आणि एखाद्या रात्री वाफ्यात उभं असताना ती गचकते.

मंद झाला म्हणजे गंडवलं

चांगल्या हेडलॅम्पमध्ये असं मंद होणं कंपनीने मुद्दाम बसवलेलं असतं. आतलं सर्किट बॉडीचं तापमान बघतं, किंवा ठरावीक मिनिटं मोजतं, आणि वीज कमी करतं. न करता तसंच चालू ठेवलं तर चिप, सेल आणि तुमचं कपाळ, तिघांनाही ते महागात पडेल. साठ अंशांचा धातू काही सेकंदांत त्वचा भाजतो.

डब्यावर छापलेल्या आकड्यांचीही गोम इथेच आहे. टॉर्च मोजण्याचं एएनएसआय एफएल-1 नावाचं अमेरिकी मानक 2009 मध्ये आलं. त्यात ल्युमेन मोजायचे ते दिवा लावून 30 सेकंद झाल्यावर, आणि चालण्याचा वेळ धरायचा तो उजेड सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे ‘1000 ल्युमेन, 5 तास’ याचा अर्थ पाच तास हजार ल्युमेन असा नाहीच. मानक पाळणारी कंपनी खोटं बोलत नसते, पण आपण वाचतो भलतंच. जी कंपनी कुठलंच मानक पाळत नाही, तिच्या डब्यावर लाख ल्युमेनही छापता येतात. छपाईला काय लागतं!

उजेड उष्णतेने घटला की सेलने, हे ओळखायचं असेल तर घरीच बघा. सेल पूर्ण चार्ज करून हायवर लावा आणि किती वेळात मंद होतो ते पाहा. गार झाला की पुन्हा चार्ज करून तेच पंख्याच्या वाऱ्यात करा. पंख्याखाली जास्त वेळ टिकला तर कारण उष्णता. दोन्ही वेळा सारखाच वेळ लागला तर एक तर सर्किट मिनिटं मोजतंय, नाही तर सेल दमलाय. सेलचा उजेड हळूहळू ओसरतो. मिनिटं मोजणारं सर्किट बहुधा एका झटक्यात पायरी उतरतं.

याच कारणाने एकच हेडलॅम्प डिसेंबरात शहाणा आणि मे महिन्यात नाठाळ वाटतो. परभणीला थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, आणि मे महिन्यात मध्यरात्रीही हवा अठ्ठावीस-तीस अंशांवर असते. हवा वीस अंशांनी गरम, तर बॉडीही साधारण तेवढ्याने जास्त तापणार. हरभऱ्याच्या पाण्याला जो हाय बराच वेळ टिकला, तो उसाच्या उन्हाळी पाण्याला लवकर उतरेल. दुकानदाराशी भांडून उपयोग नाही.

रात्रभर हायवर ठेवा

ठेवू म्हटलं तरी राहत नाही. हेडलॅम्पमधला चांगला 18650 सेल (हा एक गोल लिथियम सेल) 3000 एमएएचचा धरा, दाब 3.7 व्होल्ट, साठवण झाली अकरा वॅट-तास. दहा वॅटने ओढली की जेमतेम तासभर. लाईट रात्री आठ तास आणि तुमचा हाय एक तास, मग उरलेले सात तास मोबाईलच्या उजेडात दांड शोधायचा काय? हाच सेल एक वॅटवर दहा तास जातो, आणि एका वॅटमध्ये चांगली एलईडी शंभरेक ल्युमेन देते. वाफा भरला की नाही बघायला शंभर ल्युमेन रग्गड होतात.

शिवाय चौपट ल्युमेन म्हणजे चौपट लांबचं दिसणं नव्हे. झोत तोच राहिला तर चौपट उजेडात पोच दुप्पट होते. उष्णता मात्र चौपटीच्याही वर जाते, कारण वीज वाढवली की एलईडीची कार्यक्षमता घसरते.

आणि साप. हाय लावला की साप दिसतो अशी पक्की समजूत आहे, पण कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे वस्तूची सावली तिच्या मागेच लपते. ओल्या काळ्या मातीवर पडलेली मण्यार सावलीशिवाय मातीतच मिसळून जाते. त्यात हायचा झोत पाण्यावरून उलटा डोळ्यात येतो, आणि नजर पुन्हा अंधाराला पुरती सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. कपाळावर मध्यम उजेड आणि हातात कमरेखाली धरलेली दुसरी बॅटरी असली की ढेकळाची, काडीची, सापाची सावली लांब पडते. माझ्या मते साधा हेडलॅम्प आणि साधी हातबॅटरी ही जोडी महागड्या एका हेडलॅम्पपेक्षा सरस. गमबूट हवेतच, ते वेगळं सांगायला नको.

हाय वापरायचा तो झोताझोताने. बांधाच्या पलीकडे काही खसखसलं, डीपीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे, नजर टाकायची आहे, पाइप कुठे निसटला ते बघायचं आहे, तेवढ्यापुरता. चालत असाल तर थोडा जास्त वेळ चालतो, कारण अंगावर वारा येतो. एका जागी उभं राहून फ्यूज बसवताना खाली उतरवा. हातभर अंतरावर हाय लागतो कशाला? आणि थंडीत मफलर किंवा गमचा गुंडाळताना हेडलॅम्पच्या खाचा त्याखाली दाबू नका. पिशवीत टाकताना बटण लॉक करा. आत चुकून हाय लागला तर कापड वितळून भोक पडतं.

तापला तर पाण्यात बुडवा

यात अर्धं खरं आहे, ओल्या फडक्याने बॉडी खरंच गार होते. पण बुडवणं वेगळं. आतली गरम हवा एकदम आकसते आणि रबराच्या रिंगेजवळून पाणी ओढून घेते. काच तडकली तर तीही गेली. बंद करून वाऱ्यावर ठेवा, तेवढं पुरे. आणि गरम असताना लगेच चार्जिंगला लावू नका. लिथियम सेल 45 अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो, आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये तेवढं तापमान सहज होतं. चार्जिंग घरात, सावलीत.

मोठा आकडा घ्या

18650 म्हणजे 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब. एवढ्या डबीत नामांकित कंपन्याही साधारण साडेतीन हजार एमएएचच्या आसपासच बसवतात. 9800 छापलेला सेल दिसला तर तो आकडा तेवढा पुसून टाका आणि आत हजारभर असेल असं धरून चाला. दुकानात वजनकाटा असेल तर सेल त्यावर ठेवा: चांगला पंचेचाळीस ग्रॅमच्या पुढे भरतो. तीस-पस्तिसावर काटा थांबला तर तिथेच ठेवून या.