बिघडलेला पीस आला, तर तो बिघाड रिव्ह्यूत यायलाच हवा

जळगावात बसून अ‍ॅम्प्लिफायर-स्पीकरवर मराठीत लिहायला लागल्यापासून छोट्या उत्पादकांकडून एक विनंती पुन्हा पुन्हा कानावर येते. "भाऊ, रिव्ह्यूसाठी पाठवलेला तो पीस नेमका खराब निघाला. त्याच्यावर काही लिहू नका. दुसरा पाठवतो, त्याच्यावर लिहा." विनंती करणारे लबाड नसतात. घरामागच्या शेडमध्ये दोन-तीन पोरांना हाताशी धरून कॅबिनेट कापणारी, रात्री जागून बोर्ड सोल्डर करणारी माणसं आहेत ही. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. तरीही रिव्ह्यू लिहिणाऱ्या कोणीही ही विनंती मानू नये, असं माझं ठाम मत आहे.

कारण आमच्या भागातलं गिऱ्हाईक. पुण्यातल्या माणसाचा अ‍ॅम्प बिघडला तर तो संध्याकाळी स्कूटरवर टाकून बनवणाऱ्याकडे नेऊन देऊ शकतो. शहाद्याचा किंवा यावलचा माणूस दहा-बारा किलोचं धूड पुन्हा खोक्यात भरतो, ट्रॅव्हल्सवाल्याची मनधरणी करतो, भाडं बहुतेक वेळा स्वतःच भरतो, आणि परत येताना ते धड येईल याची खात्री नसते. "पहिला पीस बंद निघाला" ही त्याच्यासाठी आवाजाच्या वर्णनापेक्षा मोठी बातमी आहे. तीच दडवली तर मी लिहितोय कोणासाठी?

पण लिहायच्या आधी बिघाड खरंच पीसमध्ये आहे का, हे बघायची जबाबदारी आपली. इथे फार घाई होते. आपल्याकडच्या कित्येक जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असतं. अ‍ॅम्प घूं करतो म्हणून त्याला खराब ठरवण्याआधी इनपुटच्या सगळ्या वायरी काढा. आवाज गेला तर दोष बहुधा लॅपटॉपच्या चार्जरचा, केबल टीव्हीच्या वायरीचा नाहीतर घराच्या वायरिंगचा. वायरी काढूनही राहिला तर आत बघावं लागेल. १०० हर्ट्झची भणभण असेल तर आधी पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरवर, म्हणजे आतला वीजपुरवठा सपाट ठेवणाऱ्या भागावर, संशय घ्यावा. मग दुसऱ्या घरात लावून बघा. खोकं उघडतानाच फोटो काढा, कारण टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर जड असतो. वाटेत त्याचा बोल्ट सैल झाला की शेजारच्या बोर्डाचीही वाट लागते. पॅकिंग उत्पादकाचंच, त्यामुळे उत्पादक जबाबदारीतून सुटत नाही. पण ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सोल्डरचा जोड) वेगळं आणि आपटलेलं खोकं वेगळं, आणि यातलं काय झालंय ते वाचकाला कळलं पाहिजे.

मग उत्पादकाला फोन करावा, काय दिसलं ते सांगावं, त्याचं ऐकून घ्यावं. आउटपुट ट्रान्झिस्टर उडाला असेल तर त्यात त्याचीही फसवणूक झालेली असू शकते. ५२००-१९४३ या नंबरांच्या ट्रान्झिस्टर जोडीचे डुप्लिकेट बाजारात इतके आहेत की नुसता छापा बघून अस्सल ओळखणं कठीण. मोठी कंपनी अधिकृत वितरकाकडून हजारोंनी उचलते. हा छोटा उत्पादक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून थोडे थोडे नग आणतो. त्याचं हे म्हणणं रिव्ह्यूत त्याच्याच शब्दांत यावं. आणि बिघडलेल्या पीसवरून आवाजाचा निकाल अजिबात देऊ नये. एका चॅनेलचा बायस (ट्रान्झिस्टरचं मूळ करंटचं सेटिंग) हललेला असताना "गायकाचा आवाज मागे पडतो" असं लिहिणं म्हणजे तापाने फणफणलेल्या पोराला परीक्षेला बसवणं.

बॉडीला करंट येत असेल, किंवा आउटपुटला डीसी (एकाच दिशेने वाहणारा करंट) येऊन स्पीकरची कॉइल जळत असेल, तर मात्र कोणाच्या उत्तराची वाट बघू नये. त्याच दिवशी लिहावं. घराघरात लहान मुलं असतात.

आता दुसरा पीस. माझा खरा आक्षेप इथे आहे. बदली म्हणून येणारा पीस निवडून, तपासून, दोन दिवस चालवून पाठवलेला असतो. गिऱ्हाइकाला तो कधीच मिळत नाही. अमेरिकेतलं कन्झ्युमर रिपोर्ट्स हे मासिक तपासायचा माल दुकानातून स्वतःच्या पैशाने घेतं. मला ते प्रत्येक वेळी परवडत नाही, म्हणून मी दुसरा पीस डीलरच्या स्टॉकमधून किंवा विकत घेतलेल्या माणसाकडून मागतो, आणि तो कुठून आला ते लिहितो. वस्तू फुकट मिळाली असेल तर तेही उघड करायचं, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या लोकांसाठी स्पष्ट केलेलं आहेच.

"अशाने छोटा माणूस मरेल" हे मला नेहमी ऐकवलं जातं. १९७० साली त्याच कन्झ्युमर रिपोर्ट्सने बोसच्या ९०१ स्पीकरवर टीका केली. बोस तेव्हा १९६४ साली सुरू झालेली नवखी कंपनी होती. ती कोर्टात गेली, आणि १९८४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मासिकाच्या बाजूने निकाल दिला. पण ९०१ त्यानंतरही कित्येक वर्षं विकला गेला आणि कंपनी जगभर पोचली. वाईट रिव्ह्यूने ती बुडाली नाही. बिघाड मान्य करून, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने दुरुस्त केला हे ज्याचं छापून येतं, त्याच्याकडून मी स्वतः डोळे मिटून माल घेईन.

उन्हाचं एक राहिलं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. एसी खोलीत महिनाभर निर्दोष चाललेला पीस इथे दुसऱ्या उन्हाळ्यात घूं करायला लागू शकतो. म्हणून ८५ अंशांपर्यंत चालणारे कपॅसिटर बसवलेत की १०५ पर्यंतचे, हे आपण विचारावं आणि उत्तर लिहावं.

सध्या एका छोट्या उत्पादकाचा स्टीरिओ अ‍ॅम्प माझ्याकडे डावा चॅनेल बंद होऊन पडला आहे. त्यांनी बदली पीस देऊ केला, मी नको म्हटलं. शिरपूर, चोपडा, नंदुरबारकडे कोणी छोट्या उत्पादकाचा अ‍ॅम्प विकत घेतला असेल तर मला मॉडेलचं नाव कळवा. जुळलं तर मल्टिमीटर घेऊन मीच तुमच्याकडे येतो, गाडीभाडं माझं.