पार्ल्यात हॅम भाजण्याची शास्त्रोक्त पद्धत

दिवाळीचा फराळ काय, कोणीही करतं. नाताळात घरची १४ माणसं जेवायला बोलावून टेबलाच्या मधोमध चकचकीत, गोडसर हॅम मांडायचं, तर त्यासाठी परदेशात सहा महिने राहून आलेला मुलगा लागतो. तो असेल तरच पुढे वाचा.

आधी कॅलेंडर बघा. मार्गशीर्ष लांबला आणि २५ तारखेलाच गुरुवार आला, तर सासूबाईंसमोर विषयही काढू नका. तसं नसेल तर वांद्र्याला जाऊन तीनेक किलोचं, आधीच शिजवलेलं हॅम आणा. अख्खी तंगडी सात-आठ किलोची भरते. मोह होईल, पण आपला २८ लिटरचा ओटीजी आठवा. पिशवी जाड कापडाची हवी. लिफ्टमध्ये कोणी विचारलंच तर सुरण म्हणा. डिसेंबरात फणस म्हणालात तर पकडले जाल.

हॅम या शब्दाचा मोठा गुण असा की त्यात डुक्कर दिसत नाही. ‘डुकराचं’ म्हटल्यावर ज्या घरात माणसं ताटावरून उठतील, तिथेच ‘हॅम’ म्हटलं की ‘मला अगदी थोडंसंच हं’ असं ऐकू येतं. वस्तू तीच, मागची तंगडी, मिठाच्या पाण्यात मुरवलेली. शिजूनही ती गुलाबीच राहते, ते मुरवतानाच्या नायट्राइटमुळे. तरी ‘कच्चं राहिलंय’ असं काका म्हणणारच. म्हणू द्यावं.

आता चरबीवर सुरीने तिरक्या चौकटी पाडा. हे आपल्याला कोणी शिकवू नये, शंकरपाळे कापलेल्या हाताला ते येतंच. प्रत्येक शंकरपाळ्यात एक लवंग टोचा. फॉइलने झाकून १६० अंशांवर अर्ध्या किलोला १५ मिनिटं, म्हणजे एकूण दीड तास. आतलं तापमान ६० अंशांवर जायला हवं. ते पाहायला सासऱ्यांचा तापाचा थर्मामीटर घेऊ नका, तो ४२ ला संपतो. कोणी घेतला होता हे सांगायची गरज नाही.

वरचा लेप शेवटच्या अर्ध्या तासातच लावा, नाहीतर साखर करपते. मुलगा ब्राउन शुगर मागेल. त्याला कोल्हापुरी गूळ द्या. त्यात मोहरीची पेस्ट, अननसाचा रस, चमचाभर व्हिनेगर. फॉइल काढून, आच वाढवून, हा लेप दोन-तीनदा फिरवायचा.

आणि हो, गावठाणातल्या मैत्रिणीला चुकूनही बोलावू नका. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी, या इथल्याच मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळींनी स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. म्हणजे राणीचा मान ठेवायचा तेवढा त्यांनी केव्हाच ठेवलाय, तिच्या ताटाची नक्कल करायची घाई आपल्यालाच. मैत्रीण येईल ती डबाभर पोर्क इंद्याल, म्हणजे मसालेदार डुकराचं मटण, आणि गरम फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, घेऊन. काका दोनदा वाढून घेतील. हॅमचे मात्र फोटो निघतील.

राहिला वास. सोसायटीचा लेखी नियम काही नाही, पण जिन्यात नाकं आहेत. भीती मटणाच्या वासाची असते, आणि इथेच सगळे फसतात. कारण तापलेला गूळ आणि लवंग यांचा वास म्हणजे थेट नारळीभात. तो तिसऱ्या मजल्यावर पोचला की शेजारच्या काकू वाटी घेऊन दारात उभ्या. ‘आज काय विशेष गं? नारळीभात, तोही डिसेंबरात?’ काकू कांदासुद्धा चातुर्मासात खात नाहीत.

म्हणून हॅम ओव्हनमध्ये सरकवण्याआधी दोन वाट्या तांदूळ धुऊन निथळत ठेवावेत आणि एक नारळ खवून घ्यावा. गूळ-लवंगा ओट्यावर असतातच.