नव्या लायसन्सवर रात्र आणि मित्र का नकोत?

एक पोस्ट सध्या खूप फिरते आहे. तिचं म्हणणं असं: परीक्षा पास झालेल्या मुलाला रात्री गाडी चालवू नको, मित्रांना बसवू नको असं सांगणं म्हणजे वयाची शिक्षा, निर्बंध काढा, चांगलं प्रशिक्षण द्या. वाचताना पटतं, तपासलं की टिकत नाही.

आधी वयाचं. टप्प्याटप्प्याने लायसन्स देण्याची पद्धत न्यूझीलंडने १९८७ मध्ये आणली. तिथे शिकाऊ आणि पूर्ण लायसन्सच्या मधल्या टप्प्यात रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने गाडी चालवता येत नाही, आणि नवखा चालक चाळिशीचा असला तरी हेच लागू. अनुभवी चालक शेजारी बसला की रात्रीचीही मुभा मिळते. ही कसली शिक्षा?

पोस्ट असंही म्हणते, ‘मित्र असले की उलट लक्ष राहतं.’ हा दावा मला सगळ्यात धोकादायक वाटतो. मागून एक जण मोबाइल पुढे करतो, दुसरा गाणं बदलायला सांगतो, तिसरा म्हणतो, ‘अरे, टाक ना ओव्हरटेक!’ मुरलेला चालक दुर्लक्ष करतो. नवख्याला गाडीच कशीबशी सांभाळायची असते. अमेरिकेतल्या अभ्यासांत १६-१७ वर्षांच्या चालकांचा मृत्यूचा धोका गाडीतल्या प्रवाशांच्या संख्येबरोबर वाढत गेलेला दिसला.

रात्रीचं तर साधं गणित आहे. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते आणि थांबायला पन्नासहून जास्त मीटर घेते. हेडलाइटच्या लो बीमचा उजेड जेमतेम तेवढाच पोचतो.

राहिलं प्रशिक्षण. नॉर्वेत नवशिक्यांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायला शिकवणं सक्तीचं केलं, तेव्हा तरुण पुरुषांचे तसल्या रस्त्यांवरचे अपघात वाढले. कौशल्यापेक्षा आत्मविश्वास जास्त वाढला होता. धोका आधी ओळखणारी नजर तासन् तास गाडी चालवूनच येते. म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात २१ वर्षांखालच्या शिकाऊ चालकाला देखरेखीखाली १२० तास पूर्ण करावे लागतात.

पोस्टमधली एक तक्रार मात्र रास्त आहे: काही मुलं निर्बंधांचं वय टळेपर्यंत लायसन्सच काढत नाहीत. कॅलिफोर्नियात हे निर्बंध १८ वर्षांखालीच आहेत, त्यामुळे अठरा पूर्ण झाली की थेट पूर्ण लायसन्स मिळतं, अनुभव शून्य असला तरी. पण यावर उपाय निर्बंध काढण्याचा नाही, अमेरिकेतल्याच न्यू जर्सी राज्यासारखी वयाची मर्यादा २१ पर्यंत नेण्याचा आहे.