अगदी रिलॅक्स राहा हं!

सीटी कोरोनरी अँजिओग्राफीत, म्हणजे सीटी स्कॅनने हृदयाच्या रक्तवाहिन्या बघायच्या तपासणीत, धडधडत्या हृदयाचा न हललेला फोटो हवा असतो. हृदय खरोखरच हलायचं थांबलं तर फोटोची गरजच संपते, म्हणून मधला मार्ग काढतात: ठोके मिनिटाला 60च्या आसपास आणायचे. दोन ठोक्यांच्या मध्ये ते क्षणभर विसावतं, तेवढ्यात यंत्र काम उरकतं. ठोके वाढले की पहिली काट त्या विसाव्यालाच लागते आणि जेमतेम तीन मिलिमीटरची रक्तवाहिनी चित्रात फरफटलेली दिसते.

आता हृदय शांत करायची आमची पद्धत बघा. आदल्या 12 तासांत चहा-कॉफी बंद, पोट चारेक तास रिकामं, अंगात पाठीमागे बांधायचा झगा, छातीवर तारा. एवढं झालं की कुणीतरी प्रेमाने म्हणतं, "अगदी रिलॅक्स राहा हं!" 70 वरचे ठोके तत्काळ 85. मॉनिटर पेशंटला दिसत असेल तर 90. मग मेटोप्रोलॉल ही ठोके मंदावणारी गोळी देऊन वाट बघत बसायचं. दमा असेल तर तो इथेच सांगावा, कारण या गोळीने श्वासनळ्या आवळू शकतात.

पुढे जिभेखाली नायट्रोग्लिसरीन. वाहिन्या रुंदावतात, डोकं ठणकतं. त्याआधी एक प्रश्न येतो आणि तो नेमका बायको शेजारी असताना येतो: "एकदोन दिवसांत सिल्डेनाफिलसारखी (म्हणजे व्हायग्रा वगैरे) गोळी घेतली होती का?" इथे अब्रू वाचवू नये. दोन्ही औषधं एकत्र आली की रक्तदाब धाडकन कोसळतो.

सुई कोपराच्या खळगीतच हवी आणि जाड हवी, 18 किंवा 20 नंबरची. वाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं आयोडीनचं औषध सेकंदाला 5 मिलीच्या वेगाने जातं. मनगटाजवळच्या बारीक शिरेला तो मारा झेपत नाही, औषध बाहेर झिरपून हात टम्म फुगतो. (रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज देणारा आकडा, आधी तपासतात ते याच औषधामुळे, ते मूत्रपिंडांतून बाहेर पडतं.) औषध शिरलं की घशातून एक गरम लाट खाली उतरते आणि आपल्याला शू झाली, अशी माणसाची खात्रीच पटते. झालेली नसते. पण चाचपून बघायला हात हलवला, श्वास सुटला, की वाहिनीच्या चित्राला पायऱ्या पडतात.

एवढं सोसायचं नसेल आणि लक्षणंही काही नसतील, तर कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या वाहिन्यांत साठलेल्या कॅल्शियमची सीटीवरची मोजणी, पुष्कळदा पुरतो. सुई नाही, औषध नाही, एक श्वास रोखला की झालं. 'कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करू की नको' या पेचात तो खरा उपयोगी. 1990 साली अ‍ॅगॅट्स्टन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ही मोजणी. 100च्या पुढे सहसा गोळी चुकत नाही, 400च्या पुढे प्रकरण गंभीर. जन्मभर मार्कांमागे धावलेल्या माणसाला इथे शून्य हवा असतो! मिळाला तर उत्तमच. मात्र छातीत दुखत असेल तर त्या शून्यावर विसंबू नये, कारण चरबीचा मऊ थर या मोजणीत येतच नाही.

सगळ्यात मोठी गंमत पुढची. स्टॅटिन, म्हणजे तीच कोलेस्टेरॉलची गोळी, घेतल्यावर मऊ थर टणक होतात, त्यात कॅल्शियम भरतं आणि स्कोअर चढतो. टणक थर फुटण्याची भीती कमी, म्हणजे औषध लागू पडतंय. पण हौसेने दर वर्षी स्कॅन करून घेणारे गृहस्थ फाईल आपटत येतात: "गोळ्या खाऊन आकडा वाढलाच कसा?" आवाज चढलेला, ठोके 110. नशीब, या खेपेला अँजिओग्राफी नसते.