चष्मा हातात नाही म्हणून ॲप अडत नाही

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. स्मार्ट ग्लासेससाठी ॲप बनवायचंय? मग आधी चष्मा विकत घ्या, कारण कोड चष्म्यावरच चालतो, एम्युलेटर (कॉम्प्युटरवर चालणारी चष्म्याची नक्कल) म्हणजे नुसतं खेळणं, आणि कॅमेरा-आवाज-डिस्प्ले यातलं काहीच घरबसल्या तपासता येत नाही. यातलं शेवटचं थोडंफार खरं आहे. बाकी सगळं ऐकीव.

कोड चष्म्यावर चालतो, इथूनच घोळ सुरू होतो. फेसबुकवाल्या मेटाचं डिव्हाइस ॲक्सेस टूलकिट बघा, म्हणजे तिच्या चष्म्यांसाठी ॲप बनवण्याची साधनं. त्यात तुमचं ॲप म्हणजे साधं अँड्रॉइड किंवा आयओएस ॲप असतं, फोनवरच चालतं, चष्म्याकडून कॅमेऱ्याचं चित्र आणि माइकचा आवाज येतो आणि ॲपचा आवाज चष्म्याच्या स्पीकरला जातो. गूगलच्या अँड्रॉइड एक्सआरमध्ये (चष्मे-हेडसेटसाठीचं अँड्रॉइड) एआय ग्लासेससाठी जो जेटपॅक प्रोजेक्टेड नावाच्या लायब्ररीचा रस्ता आहे तिथेही ॲप फोनवरच असतं. म्हणजे लॉगिन, सर्व्हर कॉल, एआय मॉडेलला फोटो पाठवणं, उत्तर उशिरा आलं तर वापरणाऱ्याला काय ऐकवायचं, हे सगळं फोनवरचं काम, त्यात चष्म्याचा काय संबंध? हां, स्नॅपचे स्पेक्टॅकल्स चष्मे किंवा मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स हेडसेट यांच्यात ॲप खरंच डोक्यावरच्या यंत्रात चालतं, पण गंमत अशी की होलोलेन्सचा एम्युलेटर मायक्रोसॉफ्टने २०१६ सालीच दिला होता आणि स्नॅपच्या लेन्स स्टुडिओ या ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्येही कॉम्प्युटरवरचा प्रिव्ह्यू आहेच.

आता खेळण्याचा मुद्दा. अँड्रॉइड स्टुडिओत (गूगलचं ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) अँड्रॉइड एक्सआरच्या डिसेंबर २०२५ मधल्या डेव्हलपर प्रिव्ह्यू ३ पासून एआय ग्लासेसचा एम्युलेटर आहे, मेटाच्या टूलकिटमध्ये मॉक डिव्हाइस किट आहे. मॉक किटमध्ये खोटा चष्मा जोडायचा, चालू करायचा, काड्या उघडायच्या, डोळ्यांवर चढवायचा, आणि कॅमेऱ्याच्या जागी आपला व्हिडिओ लावून द्यायचा. हे पोरखेळ वाटतं ना? मग एवढं करून बघा: कॅमेऱ्याचं थेट चित्र (स्ट्रीम) चालू असताना काड्या मिटा. खऱ्या चष्म्यात काड्या मिटल्या की ब्लूटूथ तुटतं आणि सेशन (चष्मा आणि ॲप यांच्यातलं चालू काम) थांबतं, परत उघडल्यावर ब्लूटूथ जुळतं पण सेशन आपोआप सुरू होत नाही, ते तुमच्या ॲपलाच नव्याने सुरू करावं लागतं. नवख्या ॲप्स इथेच अडकतात, स्क्रीनवर शेवटची फ्रेम गोठून बसते आणि वापरणाऱ्याला वाटतं अजून चालूच आहे. हीच चूक खऱ्या चष्म्यावर पुन्हापुन्हा घडवून आणायची तर काड्या मिटत-उघडत बसा, मॉकमध्ये तेच काम टेस्टमध्ये लिहून टाका आणि ॲपच्या प्रत्येक नव्या बिल्डला चालवा. मला तर वाटतं चष्मा हातात असलेल्यांनीही हे आधी मॉकवरच करावं.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर मेटाच्या टूलकिटमधून ब्लूटूथवरून येणारा व्हिडिओ जास्तीत जास्त ७२० बाय १२८० पिक्सेल, उभा, सेकंदाला ३० फ्रेम, आणि लिंक कमजोर झाली की क्वालिटी आणखी घसरते. तुम्ही मात्र टेबलावर फोन स्थिर ठेवून झकास फोरके व्हिडिओ काढता आणि त्यावर मॉडेल चाललं म्हणून खूश होता! फोन कपाळाशी धरा, चालत चालत, मान वळवत शूट करा, साइज कमी करा, जोरात कॉम्प्रेस करा, आणि मग तो मॉकला द्या. पाटी वाचणारं ॲप असेल तर निम्मी अक्षरं इथेच उडालेली दिसतील.

आवाजाचं तर याहून सोपं. मेटाच्या चष्म्याच्या माइकचा आवाज ब्लूटूथच्या हँड्सफ्री प्रोफाइलवरून (फोन कॉलसाठीची ब्लूटूथची पद्धत) येतो, ८ किलोहर्ट्झ, मोनो. कुठल्याही साध्या ब्लूटूथ हेडसेटच्या माइकचा रस्ता हाच, तेव्हा घरातला हेडसेट जोडा आणि पंखा लावून बोलून बघा.

डिस्प्लेवाले चष्मे असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आरपार दिसणारा डिस्प्ले फक्त प्रकाश वाढवू शकतो, काळा रंग दाखवूच शकत नाही, काळं म्हणजे पारदर्शक. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं असं डिझाइन केलंत तर पट्टी गायब आणि अक्षरं थेट समोरच्या भिंतीवर. हे तपासायला लॅपटॉप पुरतो, समोरच्या दृश्याचा फोटो घ्या आणि त्यावर तुमची स्क्रीन फोटो एडिटरमधल्या ॲड किंवा स्क्रीन ब्लेंड मोडने (दोन चित्रांचा प्रकाश एकत्र करणारी पद्धत) चढवा, उजेडी आकाशाच्या फोटोवर काय शिल्लक राहतं ते लगेच कळेल.

पण भर उन्हात खरंच किती दिसतं, काडी कानाजवळ किती तापते, बॅटरी किती टिकते, फोन मागच्या खिशात असताना ब्लूटूथ किती वेळा सुटतं, समोरच्या माणसाला कॅमेऱ्याचा दिवा बघून कसं वाटतं, हे कुठलाच एम्युलेटर सांगत नाही, आणि जो सांगतो म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मेसेजवाल्याचं बरोबर आहे ते एवढंच. पण ही सगळी कामं रिलीजच्या आधीची, कोडच्या पहिल्या ओळीच्या आधीची नाहीत. त्यासाठी ज्याच्याकडे चष्मा आहे असा एखादा टेस्टर गाठा, आणि त्याला "कसं वाटलं" असं मोघम विचारू नका. ॲपमध्ये सेशन कधी तुटलं, फ्रेम रेट किती पडला, उत्तर यायला किती वेळ लागला याचा लॉग ठेवा, त्याला उन्हात तेवढं फिरून यायला सांगा आणि तो लॉग मागवून घ्या.