‘काका, वर्दीतून बाहेर या’ म्हणणाऱ्या वाचकाला

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की मिलिटरीच्या डॉक्टरांनी आणि आपल्या पीएचसी-सिव्हिलवाल्यांनी (प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा हॉस्पिटल) नुसतं पूर आल्यावर नाही, रोजच्या तापाच्या पेशंटबद्दलपण एकमेकांशी बोलायला पाहिजे. त्यावर एक लांबलचक प्रतिक्रिया आली. सारांश असा: कोस्ट गार्ड हा नेव्हीचा भाग नाही, ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेत, बिलं अडकतात ते आधी बघा, लष्कर आपले आकडे बाहेर देणारच नाही, आणि शेवटी हे, ‘सार्वजनिक आरोग्यात लष्कर घुसवलं की काय होतं ते पुण्यानं 1897 ला बघितलंय. काका, वर्दीतून बाहेर या.’

पहिलं मान्य. कोस्ट गार्ड वेगळं दल आहे, 1978 चा त्याचा स्वतंत्र कायदा आहे, आणि नेव्हीत सिक बेमध्ये, म्हणजे जहाजावरच्या दवाखान्यात, 15 वर्षं काढलेल्या माणसानं हे चुकवायला नको होतं. मागच्या पोस्टमधलं ते वाक्य बदललंय.

पण हे ‘काका’ काय आहे? आमच्याकडे ओटीवर बसून चहा प्यायलेला माणूस काका म्हणतो. तुमचा काका ‘तुम्हाला काय कळतंय’ या चालीवर आलाय, तेवढं कळतं मला. आणि वर्दी कुठली? ती उतरवून आरोग्य सेवक झालो, वाडीवाडीत जाऊन रक्तनमुने घेतले, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं, भर पावसात डोंगर चढून कंटेनर सर्व्हे केले (साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधल्या), त्याला कोण वर्दी म्हणतं? तुम्ही कुठल्या वाडीत गेलायत ते जरा लिहा की.

आता 1897, म्हणजे पुण्याच्या प्लेगचं साल. रँड हा आयसीएस होता, म्हणजे मुलकी अधिकारी, प्लेग कमिटीचा मुख्य. गोरे सोल्जर बुटांसकट लोकांच्या घरात घुसले हे वाईटच झालं, त्याची बाजू मी कशाला घेऊ, पण वर बसलेला साहेब मुलकी होता हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत. आणि साल काढलंतच तर पूर्ण काढा. 22 जूनला रँडवर गोळी झाडली आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टला सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला. रॉस कोण, तर इंडियन मेडिकल सर्व्हिसचा, लष्करी डॉक्टर. तुम्ही रत्नागिरीला जाऊन ज्याला ‘सिव्हिल’ म्हणता त्याचा मुख्य सिव्हिल सर्जन, आणि इंग्रजांच्या काळात हा सर्जन बहुतेक वेळा याच लष्करी सर्व्हिसमधून मुलकी कामावर आलेला असायचा. जिल्हा हॉस्पिटलच्या इतिहासातच लष्कर बसलंय आणि तुम्ही घुसवलं म्हणताय.

हे पुस्तकी वाटत असेल तर अंगावरचं सांगतो. 2014 चे गणपती. आमच्या सबसेंटरच्या गावातला एक जवान आसामहून सुट्टीवर आला, दुसऱ्या दिवशी आरतीला उभा राहिला तो थरथरायलाच लागला. तपासणीच्या किटवर फॅल्सिपेरम, म्हणजे जास्त धोक्याचा मलेरिया, आला. पीएचसीतून आपल्याकडची नेहमीची एएसपीची (आर्टेसुनेट आणि एसपी या दोन औषधांची) गोळी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी स्लाइड परत पॉझिटिव्ह, पोरगा पडवीत दोन घोंगड्या घेऊन पडलेला, आई मला विचारते, गोळी बदलून बघा ना. त्याच्या पाकिटात युनिटच्या एमआय रूमचा, म्हणजे तिथल्या दवाखान्याचा, नंबर होता, मी माझ्या खिशातून फोन लावला. पलीकडचा नर्सिंग असिस्टंट म्हणाला, ‘अरे, इधरवाले मलेरिया में वो नहीं चलती, हम एएल देते हैं.’ खरंच होतं, ईशान्येकडच्या राज्यांसाठी 2013 च्या राष्ट्रीय मलेरिया औषध धोरणातच एएल (आर्टेमेथर-ल्युमफॅन्ट्रिन) सांगितलं होतं, कारण तिकडे एएसपीतल्या एसपीला जंतू दाद देत नव्हता. पण आमच्या रजिस्टरात पत्ता गावचा पडला, आसाम कुठेच नाही. एएलसाठी जिल्ह्याला फोनाफोनी झाली, गोळ्या आल्या, पोरगा विसर्जनाला उभा होता.

मी फौजेतला होतो म्हणून तो नंबर लावायचं धाडस झालं. दुसरा आरोग्य सेवक असता तर? मला एवढाच नंबर भिंतीवर लावलेला हवाय हो, बंदुका घेऊन सोल्जर नकोयत कुणाला. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा नेव्हीच्या टीम आल्या, पुण्याहून मिलिटरी आली, तेव्हा कुणाला रँड नाही आठवला.

राहता राहिलं ईसीएचएस, ते जुनंच रडगाणं आहे, सोडा. आकड्यांचं म्हणाल तर लष्कर देणार नाही हे तुम्हाला कुणी कानात येऊन सांगितलं? सगळंच काही सीक्रेट नसतं. त्यावर कधीतरी लिहीन, लगेच नाही.

आणि कोस्ट गार्डचं वाक्य बदललंय, परत सांगतो. जुना स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरतोय तो तुम्हीच टाकलाय हे कळलंय मला, तेवढा काढा.